मराठीतून बोलणारा संगणक : नव्या कार्यप्रणालीची पहिली ओळख

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षातील सहा जुन्या संगणकांवर नवी कार्यप्रणाली बसविण्यात आली. सुट्टीनंतर पुष्कळांनी ते संगणक चालू करून पाहिले, ओळखीचा पडदा दिसला नाही म्हणून बंद केले आणि पलीकडच्या नव्या संगणकांपाशी रांग लावली. विज्ञान शाखेच्या मित्रांनी 'याच्यावर गेम चालत नाहीत' असा निकाल देऊन टाकला. आम्ही पडलो कला शाखेचे. संगणक हा आपला विषयच नव्हे अशी आमची समजूत, त्यामुळे आम्ही निकाल वगैरे काही दिला नाही. परंतु इकडे रांग नव्हती, म्हणून मी त्यांतल्या एका संगणकावर बसू लागले. त्याला आता तीन महिने झाले. या काळात जे समजले आणि जे अडले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. तांत्रिक बाबींत मी अधिकारी नाही. मात्र यातला मोठा भाग तांत्रिक नाहीच, भाषेचा आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय ते पाहू. मोंढ्यातल्या आडत दुकानात शेतकरी सोयाबीनची पोती घेऊन येतो. पोती उचलणारा हमाल वेगळा, काटा करणारा वेगळा, माल घेणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा. शेतकऱ्याला या प्रत्येकाशी बोलत बसावे लागत नाही. मध्ये मुनीम असतो. तो हमालाला हाक मारतो, वजन वहीत लिहून घेतो, पट्टी करून हातात देतो. संगणकात स्मृती, डिस्क, कळफलक, पडदा, छपाईयंत्र ही सारी हमाल-काटेवाले मंडळी आहेत. आपण 'छापा' एवढेच म्हणतो. कोणाला कोणत्या क्रमाने कामाला लावायचे ते कार्यप्रणाली पाहते. विंडोज हा असा एक मुनीम, लिनक्स हा दुसरा. मुनीम बदलला तरी दुकान तेच, काटा तोच. कारभाराची रीत तेवढी बदलते आणि जुन्या मुनिमाच्या सवयीचे लोक पहिले आठ दिवस गोंधळतात.

मग मुनीम बदलण्याची गरज का पडली? विंडोज १० ही कार्यप्रणाली २०१५ च्या जुलैमध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित पाठिंबा संपला. पाठिंबा संपला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. सुरक्षेतली एखादी फट उघडकीस आली तर ती बुजविणारी दुरुस्ती यापुढे आपोआप येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. जादा मुदतीची सोय आहे, पण ती कायमची नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. आमचे हे सहा संगणक वयाने त्याहून मोठे. धडधाकट असूनही ते निर्लेखनाच्या यादीत गेले होते. सुट्टीत गावी आलेल्या आणि आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने ते दोन दिवसांत लिनक्सवर आणले. त्यासाठी एक पेन ड्राइव्ह लागला. प्रणालीला पैसे पडले नाहीत.

पैसे का पडले नाहीत, हे मला सुरुवातीला कोडेच वाटले. फुकटच्या वस्तूत काही खोट असणार, असे आपल्याकडे समजतात. त्याचा उलगडा पुढीलप्रमाणे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी अशी भूमिका मांडली की संगणकाच्या आज्ञावल्या वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा अधिकार वापरणाऱ्याला असावा. त्यांनी जीएनयू हा प्रकल्प सुरू केला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, असे जाहीर केले. तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. त्याचा गाभा आणि जीएनयूची साधने एकत्र आली. जगभरच्या लोकांनी त्यांत भर घातली. १९९३ साली डेबियन हा स्वयंसेवकांचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या घराण्यात आज पुष्कळ शाखा आहेत आणि आमच्या कक्षात आलेली प्रणाली त्यांतलीच एक. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही प्रणालीही याच घराण्यातली, आणि तिच्यात भारतीय भाषांची सोय मुद्दाम केलेली आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर दीड दशकाहून अधिक काळ मुले लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. थोडक्यात, या मुनिमाची खतावणी कोणालाही उघडून पाहता येते, आणि चूक दिसली तर दुरुस्तही करता येते. हा दुसरा भाग पुढे आपल्या कामाचा आहे.

रंगरूपाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, मध्ये मोकळी जागा. पूर्वी संगणक चालू करून पाणी पिऊन यावे इतका वेळ लागे, आता तेवढा लागत नाही. लेखनासाठी लिबरऑफिस आणि इंटरनेटसाठी फायरफॉक्स आधीपासून बसविलेली होती. दोन्ही मराठीत वापरता येतात. आता मुख्य गोष्टीकडे वळते.

पहिल्यांदा संगणक सुरू झाला तेव्हा भाषा विचारली गेली आणि यादीत 'मराठी' होते. मी ते निवडले. विंडोजमध्येही मराठी घेता येते, हे मला नंतर समजले; परंतु इतक्या वर्षांत ते कोणी घेतलेले मी पाहिले नव्हते. आपण संगणक इंग्रजीतूनच शिकतो. 'सेव्ह' म्हणजे काय हे न कळता 'सेव्ह'वर टिचकी कोठे मारायची ते पाठ करतो. जानेवारीत माझे वडील बोनाफाइड प्रमाणपत्रासाठी महाविद्यालयात आले होते. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. मी काम करीत असता ते मागे उभे राहिले, पडद्यावरची अक्षरे एकेक करून वाचू लागले आणि म्हणाले, "कचरापेटी! ह्यात बी कचरा असतो का गं?" शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना केंद्रावरचा मुलगा सांगेल तेथे अंगठा ठेवायचा आणि सांगेल तेवढे पैसे द्यायचे, एवढाच त्यांचा आजवर संगणकाशी संबंध. पडद्यावरचे काही त्यांना वाचता आले, ते प्रथमच.

मराठवाड्याच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कचेरीची भाषा उर्दू होती. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत जमिनीचा एक जुना कागद आहे. तो घरात कोणालाच वाचता येत नाही. पणजोबांनाही येत नव्हता, असे सांगतात. कागद त्यांचा, जमीन त्यांची, आणि वाचून दाखविणारा दुसरा. पुढे महाराष्ट्र राज्य झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, कचेरीत मराठी आली. आता कचेरीच संगणकात शिरली आहे, आणि अर्जाची पाने मराठीत असली तरी ज्या यंत्रावर ती उघडतात त्याचा कारभार अजून बहुतेक ठिकाणी इंग्रजीत चालतो.

वाचणे सोपे झाले, लिहिण्याचे काय? येथे मला सर्वांत जास्त कष्ट पडले आणि सर्वांत जास्त आनंदही येथेच झाला. नव्या प्रणालीत मराठी निवडली की जो कळफलक मिळतो त्याला इन्स्क्रिप्ट म्हणतात. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली ठरविला. पहिल्या दिवशी एक ओळ लिहायला मला अर्धा तास लागला. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आले की ही मांडणी पाठ करण्याची नसून समजून घेण्याची आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ख'. 'ग'चा 'घ', 'त'चा 'थ', 'द'चा 'ध', 'प'चा 'फ', 'ब'चा 'भ'. अल्पप्राण साध्या बोटाने, महाप्राण शिफ्टसह. भाषाशास्त्राच्या तासाला सरांनी हे फळ्यावर लिहिले होते तेव्हा ते परीक्षेपुरतेच वाटले होते. ते माझ्या बोटांखाली येऊन बसले. 'ल'वर शिफ्ट दाबली की आपला 'ळ'.

याहून मोठी गंमत पुढे आहे. ही मांडणी सर्व भारतीय लिप्यांना मुळात एकच आहे. धर्माबादकडची माझी एक वर्गमैत्रीण घरी तेलुगू बोलते. तिने भाषा बदलून तेलुगूत 'अम्मा' लिहिले. मी तिच्या बोटांकडे पाहून त्याच कळा त्याच क्रमाने दाबल्या आणि मराठीत 'अम्मा' उमटले. देगलूरकडे कानडी बोलणारी मुले आहेत, त्यांचेही तसेच. सीमेवरच्या तालुक्यांत एकाच बाकावर तीन भाषा बसतात. त्यांना एका कळफलकावर बसविण्याचा विचार कोणी तरी चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवला होता, आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

तरीही आपल्याकडे अनेक जण अजून जुन्या पद्धतीनेच टंकन शिकतात. त्या पद्धतीत संगणकाला मराठी मुळीच कळत नाही. क्रुतीदेव या फाँटचे उदाहरण घ्या. त्यात 'नायगाव' लिहायचे तर बोटे इंग्रजी यू, के, अर्धविराम, एक्स, के, ओ या कळा दाबतात आणि संगणक नेमके तेवढेच साठवतो. यू या इंग्रजी अक्षराच्या जागी 'न'चे चित्र दाखवायचे, असे त्या फाँटमध्ये ठरलेले असते, म्हणून पडद्यावर 'नायगाव' दिसते. फाँट काढून घेतला की खालचे इंग्रजी भारूड उघडे पडते. युनिकोडमध्ये तसे होत नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या संकेतात देवनागरीला स्वतःची जागा आहे. 'न' हा 'न' म्हणूनच साठविला जातो, मग फाँट कोणताही असो. 'ॲडमिशन'मधला 'ॲ' मात्र त्यात २००८ साली आला. तोपर्यंत आपली ॲडमिशन कशीबशी चालली होती म्हणायची!

याचा फटका या वार्षिकांकालाच बसला. संपादक मंडळाने काही जुन्या अंकांच्या फाइली मागविल्या आणि मी त्या नव्या प्रणालीवर उघडल्या. कविता, लेख, प्राचार्यांचे मनोगत, सगळीकडे इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा चिवडा. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. तशी एक वापरून आम्ही तिघींनी तीन आठवड्यांत जमेल तेवढे रूपांतर केले. रूपांतरात मराठीचा खास 'ऱ' ठिकठिकाणी मोडला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिराच्या अहवालात मूळ वाक्य असे होते की आचाऱ्यांनी सातही दिवस वेळेवर जेवण दिले. यंत्राने ते 'आचार्यांनी' केले. वाचून आम्ही हसलो, पण मग सगळी पाने मूळ छापील अंकाशी ताडून पाहणे भाग पडले. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला भेद यंत्राला कोण सांगणार? तो मराठी येणाऱ्यालाच कळणार. एका अंकाची छापील प्रतही मिळाली नाही. त्यातल्या कवितांत कवीला दऱ्या म्हणायच्या होत्या की दर्या, हे आम्ही अर्थावरून ठरविले आहे.

अक्षरांच्या वळणाचेही असेच आहे. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी यांनी केला. ते मुंबईच्या आय. आय. टी.त अक्षररचना शिकवीत, सुलेखनकार होते आणि मराठीतले कवीही होते. ज्या फाँटवर कोट्यवधी लोकांनी देवनागरी वाचली तो एका मराठी कवीच्या हातचा आहे, हे आम्हांला कोणत्याही तासाला कोणी सांगितले नव्हते. लिनक्समध्ये 'लोहित' नावाचा फाँट मिळतो. त्याचाही उगम पुण्यातला. मजकुराची भाषा मराठी ठरविली की अशा फाँटमध्ये 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे होतात. हिंदी ठरविली की हिंदी वळणाचे. मराठीच्या सरांना हे दाखविले तेव्हा त्यांनी तीनदा भाषा बदलून पाहिली.

आता नव्या प्रणालीतील मराठीविषयी. ती सर्वत्र सारखी नाही. 'रद्द करा', 'चिकटवा', 'मदत' असे सोपे शब्द आहेत. काही खिडक्या मात्र अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या इंग्रजीत. कोठे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण अर्थ लागत नाही. 'कोणतीही कळ दाबा' असे वाचून माझी मैत्रीण म्हणाली की आम्हांला पोटातली कळ ठाऊक आहे, ही कोणती? फोल्डरला 'संचयिका' म्हटले आहे. शब्द वाईट नाही. पण शाळेत संचयिका म्हणजे मुलांची बचत योजना होती, त्यामुळे घोटाळा होतो.

यावर हसणे सोपे आहे. राज्यकारभारातील फारसी शब्दांना प्रतिशब्द देण्यासाठी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला. त्यातले काही शब्द रुळले, पुष्कळ मागे पडले; कागद, जमीन आणि दुकान आपण आजही सोडलेले नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, तेव्हा 'बदनाम कोश' म्हणून त्याची टिंगल झाली. आज आयुक्त, संचालक, सचिव हे शब्द आपण सहज बोलतो. शब्द वापरात पडल्यावाचून त्याचे बरेवाईट कळत नाही, आणि संगणकातील मराठी आपण वापरतच नाही, म्हणून ती सुधारत नाही, असे माझे मत झाले आहे. 'पासवर्ड'ला 'परवलीचा शब्द' म्हणावे असा आग्रह मी धरणार नाही. पासवर्ड आता बाजारातसुद्धा मराठी झाला आहे. पण 'अनडू'ला 'पूर्ववत करा' हे मला इंग्रजीपेक्षा चांगले वाटते, कारण काय होणार ते त्यात सांगितलेले आहे.

आणि येथे खतावणी उघडी असल्याचा उपयोग होतो. हे शब्द कोण्या कंपनीच्या बंद खोलीत ठरलेले नाहीत. स्वयंसेवकांनी ते एकेक करून घातले आहेत. २००८ च्या सुमारास पुण्यातून फ्युएल नावाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात वारंवार लागणाऱ्या शब्दांची यादी करून अनुवादक आणि भाषेचे जाणकार एकत्र बसून प्रतिशब्द पारखीत. आजही अनुवादाची संकेतस्थळे खुली आहेत. नाव नोंदवून कोणालाही शब्द सुचविता येतो, आणि जुने अनुवादक तो तपासून घेतात किंवा नाकारतात. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. इंग्रजी वाक्य समजावे लागते आणि मराठी चांगले लिहावे लागते. मराठी घेऊन बी. ए. करून काय करणार, हा प्रश्न आम्हां सर्वांना घरीदारी ऐकावा लागतो. या कामाचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा त्या प्रश्नाचे हे उत्तर म्हणता येणार नाही. परंतु संगणकाच्या आत आमच्या शिक्षणाची गरज असलेली एक जागा रिकामी पडली आहे, हे तीन महिन्यांपूर्वी मला ठाऊक नव्हते.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. कक्षातले छपाईयंत्र या सहा संगणकांना अद्याप ओळख देत नाही. पेन ड्राइव्हवर मजकूर घेऊन पलीकडच्या रांगेत जावे लागते, म्हणजे रांग काही चुकली नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. राज्यात २००१ पासून एम. एस.-सी. आय. टी. हा अभ्यासक्रम चालतो. अनेक सरकारी पदांना त्याचे प्रमाणपत्र मागतात, आणि त्यात विंडोज व तिच्यावरचे ऑफिस शिकवितात. माझ्यासारखीने केवळ नव्या प्रणालीवर हात बसविला तर नोकरीच्या ठिकाणी तिला अडखळावे लागेल. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना दोन्ही प्रयोग परवडतात. ज्यांना आठवड्यातून तीन तास कक्षात मिळतात त्यांनी ते कसे वाटायचे, हा खरा प्रश्न आहे. मी सध्या दोन तास इकडे आणि एक तास तिकडे बसते. अंतिम वर्षाला हे प्रमाण बहुधा उलटे करावे लागेल.

रूपांतरित केलेल्या जुन्या अंकांच्या प्रती ग्रंथालयातील संगणकावर ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे हरवलेल्या अंकाची छापील प्रत असेल त्यांनी ती चार दिवसांकरिता द्यावी. मराठी विभागाच्या फलकाशेजारी आम्ही एक वही टांगली आहे. पडद्यावर न समजलेले शब्द डाव्या पानावर आणि सुचलेले प्रतिशब्द उजव्या पानावर लिहायचे आहेत. आतापर्यंत डाव्या पानांवर ४३ शब्द झाले आहेत, उजवीकडे १७. 'फोल्डर'साठी फडके, गठ्ठा, दप्तर, कप्पा आणि संचयिका असे पाच शब्द आले असून माझे मत 'दप्तर'ला आहे. ग्रंथपाल सर 'कप्पा'वर ठाम आहेत.